दोन नंबरचे पाटील

पतसंस्थेत कुणाला काहीही विचारावं, पण 'तुमच्याकडं माणसं किती?' असं विचारू नये. हजेरीपुस्तकात एक आकडा असतो, पगारपत्रकात दुसरा, आणि चार वाजता चहाला जमलेली डोकी मोजली तर तिसराच निघतो. आमच्या संस्थेत संगणकाची नवी व्यवस्था बसवायला निघालेल्या पुण्याच्या कंपनीनं मात्र चाळीस पानांची एक प्रश्नावली धाडली आणि तिचा पहिलाच प्रश्न हा होता : नेटवर्कवर एकूण वापरकर्ते किती?

प्रश्नावली माझ्या टेबलावर आली, कारण मी संस्थेचा आयटी विभाग आहे. विभागाचा प्रमुख नव्हे, अख्खा विभाग. मूळचा मी वसुलीचा कारकून. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढताना चेअरमनसाहेबांनी मला पाहिलं आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर 'सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर' अशी पाटी आली. पगार अजून वसुलीकडूनच निघतो.

संस्थेचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात आहे, लक्ष्मीपुरीपासून हाकेच्या अंतरावर आहे, अकरा शाखा आहेत, सतरा संचालक आहेत आणि त्यांच्यात दोन गट आहेत. एवढ्यावरून ओळखू येईल अशी भीती नाही. हे वर्णन जिल्ह्यातल्या निम्म्या संस्थांना लागू पडतं.

दुसरा प्रश्न होता : सर्व्हर किती आणि कोणत्या जातीचे?

सर्व्हर चार. चार का, याचं कारण तांत्रिक नाही, सहकारी आहे.

पहिला नॉव्हेलचा, १९९६ साली संस्थापकांच्या हयातीत आलेला. तो जिन्याखाली जुन्या लेजरांच्या गठ्ठ्यांमागं आहे. बसवणारा गृहस्थ पुढं दुबईला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. तेव्हापासून त्या यंत्राला कुणी हात लावलेला नाही, म्हणूनच ते कधी बिघडलं नाही. खंडेनवमीला त्याला झेंडू वाहतात आणि लांबूनच नमस्कार करतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विद्यापीठात असाच एक नॉव्हेलचा सर्व्हर गवंड्यांनी चुकून भिंतीआड चिणला आणि तो आत चार वर्षं बिनबोभाट चालत राहिला, अशी गोष्ट २००१ साली संगणकवाल्यांच्या जगात फिरत होती. खरी-खोटी देव जाणे. आमच्या सर्वांत ज्येष्ठ संचालकांना, म्हणजे अण्णांना, ती सांगितली तर ते म्हणाले, "मग आपणबी घिऊ की बांधून. दसऱ्याच्या हाराचा खर्च तरी वाचंल."

दुसरा सर्व्हर विंडोजचा. चेअरमनसाहेबांच्या गटाची सत्ता आली त्या वर्षीचा. साहेबांच्या पुतण्याचं शाहूपुरीत संगणकाचं दुकान आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, असं इतिवृत्तात नमूद आहे. तिसरा लिनक्सचा. पुढच्या निवडणुकीत विरोधी गटाचे आठ जण काटकसरीच्या घोषणेवर निवडून आले आणि त्यांनी 'फुकट मिळणारा सर्व्हर' आणला. तो खरंच फुकट मिळाला. तो चालवायला जो माणूस लागतो त्याचा पगार ऐकल्यावर पुढच्या सभेत माइक फेकाफेकी झाली, आणि ते काम माझ्याकडं आलं. चौथा ॲपलचा, तळहातावर मावेल एवढा. तो कॅलेंडर आणि वार्षिक अहवाल छापण्यापुरता, एका संचालकांच्या चिरंजीवांच्या आग्रहाखातर घेतलेला. चिरंजीवांना कॅलेंडरातल्या चौकटीपेक्षा चौकटीच्या कडेचा रंग महत्त्वाचा वाटतो.

या चौघांची एकमेकांशी बोलचाल नव्हती. यंत्रांचीही नाही आणि ती आणणाऱ्यांचीही नाही. कंपनीचं म्हणणं असं की चौघांना एकत्र बांधून एक क्लस्टर करू. एक पडला तर दुसरा काम उचलेल. आणि प्रत्येक माणसाला सगळीकडं एकच नाव, एकच पासवर्ड.

मी संचालक मंडळापुढं माहिती मांडली. १९९४ साली अमेरिकेच्या नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा साधे ४८६ संगणक जोडून लिनक्सचा एक मोठा संगणक केला. त्याच्याही आधी, १९९१ साली, आपल्या पुण्यात सी-डॅकनं परम ८००० तयार केला, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. आणि २००७ साली पुण्यातलाच टाटांचा 'एक' नावाचा क्लस्टर जगात चौथा आला होता.

"सोळा मशिनी एका विचारानं चालल्या?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"बिनविरोध?"

"हो."

"मग त्यात कोल्हापूरचा एकबी नसणार," साहेब म्हणाले आणि चहा मागवला.

खरी चर्चा रंगली ती कोरमवर. माझी कल्पना होती की हा भाग समजावताना माझा घाम निघेल. क्लस्टरमधले सर्व्हर सतत एकमेकांना 'जिवंत आहे, जिवंत आहे' असा निरोप देत असतात. मधली वायर तुटली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा मेला, आता कारभार माझाच. दोघंही मालक होतात, दोघंही त्याच खात्यात वेगवेगळ्या रकमा लिहितात, आणि हिशेबाची वाट लागते. म्हणून नियम असा की निम्म्यांहून जास्त मतं ज्याच्याकडं असतील त्यानंच कारभार करायचा, बाकीच्यांनी गप बसायचं. दोनच सर्व्हर असतील तर बहुमत होत नाही, म्हणून तिसरा एक साक्षीदार ठेवतात. तो काही काम करत नाही, फक्त मत देतो.

हे सांगून मी घाम पुसायला रुमाल काढला तर सतराच्या सतरा चेहरे उजळले होते. संस्थेच्या इतिहासात तांत्रिक विषयावर इतकी एकाग्रता मी पाहिलेली नाही.

"म्हंजे तज्ज्ञ संचालक," एकजण म्हणाले.

"न्हाई वो, तज्ज्ञाला मत कुठं असतंय? ह्यो कास्टिंग व्होट."

"त्या साक्षीदाराला फोडता येतंय का?" व्हाइस चेअरमननी विचारलं. प्रश्न निव्वळ तांत्रिक होता, असं त्यांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं.

चिखलीचे संचालक बापू मात्र गप्प बसून मान हलवत होते. ते म्हणाले, "ह्यात नवीन काय हाय? आमच्या प्रयागावर या बघायला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चारच नद्या दिसत्यात. चार म्हंजे दोन-दोन फुटणार, भांडण मिटायचं न्हाई. म्हणून आपल्या पूर्वजांनी पाचवी सरस्वती धरली. गुप्त. तिला पाणी न्हाई, पूर न्हाई, कुणाच्या शेतात शिरत न्हाई. तिचं काम काय? कोरम!"

कंपनीच्या इंजिनिअरनं हे ताबडतोब वहीत उतरवून घेतलं. पुण्यात तो आता हेच शिकवतो म्हणे.

मग अण्णा उठले. अण्णांनी सहकारात पन्नास वर्षं काढली आहेत आणि सभेची नोटीस त्यांना तोंडपाठ आहे. "पर कोरम भरला न्हाई तर काय करायचं ते आपल्या पोटनियमात हाय की. सभा तहकूब करायची, आन् अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच विषयांवर परत घ्यायची. त्या सभेला कोरमची अट न्हाई. तसंच त्या सर्व्हरला सांगा. अर्धा तास थांब, आन् मग कर कारभार."

इंजिनिअर पांढरा पडला. त्यानं समजावून पाहिलं की जे टाळण्यासाठी साऱ्या जगानं एवढा खटाटोप केला आहे, ते नेमकं हेच आहे. अण्णा म्हणाले, "जगाचं जग बघंल. आमच्या गेल्या सगळ्या वार्षिक सभा तहकुबीवरच पार पडल्यात, काय बिघडलं?" ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. इंजिनिअरनं तो अमलात आणला नाही, हे मी अजून अण्णांना सांगितलेलं नाही.

लिनक्सवाल्यांच्या पोतडीत एक जालीम उपायही आहे. दुसरा सर्व्हर जिवंत की मेलेला याची खात्री नसेल तर वाट बघत बसायचं नाही, सरळ त्याची वीज तोडायची. या पद्धतीचं अधिकृत नाव स्टोनिथ, आणि पूर्ण अर्थ असा की समोरच्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला. मी हे जरा सौम्य करून सांगितलं, तरी दोन्ही गटांच्या डोळ्यांत एकदमच चमक आली.

"हे आधी कुणी करायचं?" व्हाइस चेअरमन.

"ज्याला आधी संशय येईल त्यानं."

"मग आमचाच सर्व्हर करंल," ते खात्रीनं म्हणाले. "आमाला कायम असतोय."

यानंतर प्रश्नावलीचं अकरावं पान आलं : वापरकर्त्यांचे गट लिहा. खोलीत शांतता पसरली. चेअरमनसाहेबांनी पंखा बंद करायला लावला. "ह्या पुण्याच्या लोकांना गटाचं कुणी सांगितलं?" मी घाईनं सांगितलं की हे गट वेगळे; ठेवी, कर्ज, वसुली असे; एक माणूस एका वेळी दोन गटांत असला तरी चालतो.

"ते आपल्याकडं पयल्यापासनंच हाय," अण्णा म्हणाले.

पण खरी लढाई झाली ती क्रमांकांवरून. यंत्राला माणसाचं नाव कळत नाही, त्याला लागतो आकडा. लिनक्समध्ये ज्याच्या हातात सगळं असतं, त्या वापरकर्त्याचा क्रमांक शून्य. साधी माणसं हजारापासून पुढं. मी हे सांगितलं आणि चेअरमनसाहेबांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे शिपायाला हजार, आणि मला झिरो?"

"साहेब, शून्य म्हणजे सर्वांत मोठा अधिकार..."

"झिरो व्हाइस चेअरमनला द्या."

व्हाइस चेअरमननी झटक्यात 'हरकत नाही' म्हटलं. त्यांचा भाचेजावई इंजिनिअर आहे. साहेबांसाठी मग विंडोजची बाजू शोधली. तिथं मुख्य अधिकाऱ्याच्या लांबलचक ओळख क्रमांकाचा शेवट ५०० नं होतो. पाचशे म्हटल्यावर साहेब जरा निवळले, पण शिपाई हजार आणि आपण पाचशे, हे त्यांना दिवसभर बोचत राहिलं. संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं की पुढं दोन शून्यं वाढवता येतील का.

आणि मग पाटील.

कंपनीचा नियम साधा होता : नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव. पुण्यात हा नियम चालत असेल. आमच्याकडं संभाजी पाटील, सर्जेराव पाटील, सदाशिव पाटील, सुरेश पाटील, शामराव पाटील आणि काउंटरच्या सुशीलावहिनी पाटील. सगळे 'एसपाटील'. इंजिनिअर म्हणाला, सोपं आहे, एक-दोन-तीन असे आकडे लावू. त्याला काय ठाऊक! एक नंबर कुणी, यावर सेवाज्येष्ठता, वय आणि भावकी असे तीन वेगवेगळे निकष पुढं आले. ते कसेबसे मिटले, तर दोन नंबर घ्यायला कुणीच तयार होईना.

"मी बत्तीस वर्षं नोकरी केली, एक रुपया इकडचा तिकडं केला न्हाई," सर्जेराव पाटील थरथरत म्हणाले, "आणि आता रिटायरमेंटला आल्यावर मला दोन नंबरचा म्हणणार?"

तडजोड म्हणून दोन आकडा वगळला. एकवरून थेट तीनवर उडी. तपासणीच्या वेळी 'एसपाटील-दोन कुठं गेला?' असं विचारलं गेलं आणि त्याची रीतसर चौकशी झाली, ती गोष्ट वेगळी.

आकड्यांचा वाद नको म्हणून एकानं सुचवलं की कुणी मोठं अक्षर वापरावं, कुणी लहान. इंग्रजीत पी मोठा की छोटा एवढाच फरक. लिनक्सनं ते आनंदानं मानलं. त्याच्या लेखी मोठ्या पीचे पाटील आणि छोट्या पीचे पाटील ही दोन निराळी माणसं. विंडोजच्या लेखी दोघं एकच. परिणाम असा की ठेवींच्या खात्यात दोघं पाटील होते आणि कर्जाच्या खात्यात दोघं मिळून एक. दोघांचं एकत्र कुटुंब असल्यागत कर्जाच्या फाइली त्यांच्यात फिरायला लागल्या. शिवाय छोट्या पीचं नाव मिळालेल्या पाटलांनी दोन दिवस रजा टाकली.

ज्यांचं आडनाव पाटील नव्हतं त्यांचा प्रश्न लांबीचा. विंडोजच्या जुन्या पद्धतीत लॉगिनचं नाव वीस अक्षरांत बसावं लागतं. आमच्या एका संचालकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पुढं गावावरून पडलेलं दुसरं आडनाव आणि शेवटी 'साहेब', असा ऐवज आहे. वीस अक्षरांत वडिलांच्या नावाच्या मध्यापर्यंत पोचतो. वडिलांना अर्धवट तोडणं त्यांना मंजूर नव्हतं. 'साहेब' काढू या म्हटलं तर ते आणखी मंजूर नव्हतं.

ही विंडोज आणि युनिक्स-लिनक्स या घराण्यांची बोलचाल जुळवण्याचं श्रेय खरं तर ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामधल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याचं. त्यानं १९९२ च्या आसपास वायरीवरून जाणारे निरोप नुसते बघून बघून त्यांची भाषा ओळखली आणि साम्बा नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. हे मी मंडळाला कौतुकानं सांगितलं. अण्णा म्हणाले, "दुसऱ्याचे निरोप बघूनच समेट करायचा आसंल तर मामांना पगार वाढवा."

मामा म्हणजे आमचे शिपाई. त्यांच्याकडं येतोच.

ओळख पटवायला या नव्या व्यवस्थेत केर्बेरॉस नावाची पद्धत असते. अमेरिकेच्या एमआयटीत तयार झालेली. नाव ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं, पाताळाच्या दारावर राखण करणाऱ्या. "कुत्रं कशाला? वॉचमन हाय की आपला," असं एका संचालकांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, आणि वॉचमनचा पगार वाचेल का, यावर दुसऱ्यांनी अर्धा तास घेतला. या कुत्र्याची एक खोड आहे. त्याला वेळेचं भारी. दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ते कुणालाच आत सोडत नाही, खुद्द मालकालाही नाही.

आमच्या कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. माणसं वेळेवर यावीत म्हणून चेअरमनसाहेबांनीच ते तसं लावलं आहे. दहा मिनिटं पुढं आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं सगळे त्या हिशेबानं वीस मिनिटं उशिरा येतात. साहेबांचा आदेश असा की सर्व्हरनंही संस्थेचीच वेळ पाळावी. विंडोजनं पाळली. लिनक्सनं इंटरनेटवरून खरी वेळ घेतली. सकाळी साडेदहाला अकरा शाखांतल्या कुणाचंही लॉगिन होईना. काउंटरसमोर पेन्शनची रांग, फोन खणखणायला लागले.

"हे बंद पडलंय काय?"

"नाही, वेळ जुळत नाही."

"वेळ जुळत नाही म्हणून चार वर्षं माझ्या पोरीचं लगीन खोळंबलंय. पैसे तरी द्या."

शेवटी मी सर्व्हरला गुपचूप खरी वेळ लावली. भिंतीवरचं घड्याळ मात्र आहे तिथंच आहे, दहा मिनिटं पुढं.

पासवर्डाची गत काय सांगावी! आठ अक्षरं, एक मोठं, एक आकडा, एक खूण, आणि दर तीन महिन्यांनी नवा. पहिल्या तिमाहीत साऱ्या संस्थेचा पासवर्ड एकच होता : अंबाबाई, मग ॲटची खूण, मग १२३. दुसऱ्या तिमाहीत १२४. कुणी कुणाला सांगितलेलं नसताना एकशे दहा माणसं एका पासवर्डावर पोचली, यात देवीचंच काहीतरी असणार. दोन जणांनी ज्योतिबा ठेवला होता, ते वाडी रत्नागिरीकडचे. ही तिमाही बदलाची शिस्त ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरली, ती २००३ साली लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला तिचा पश्चात्ताप होतो असं जाहीर सांगितलं. मी ही बातमी सुशीलावहिनींना दाखवली. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं आता मला माझा पासवर्ड सांग. मी सोमवारी बदलला, मंगळवारी इसरलो."

जागेचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटला. सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचे नाहीत, यावर दोन्ही गट एका सुरात बोलले. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या शहरात हे कुणाला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण प्रश्नावलीत पुढचा रकाना होता : आपत्तीच्या वेळी कामकाज जिथून चालेल अशी दुसरी, सुरक्षित जागा. इंजिनिअरनं गोकुळ शिरगावचं नाव घेतलं. बापूंनी हात वर केला. सुरक्षित जागा त्यांच्या गावात हवी, प्रयाग चिखलीत. शाखेची नवी इमारत आहे, भाडं मिळेल, शिवाय गावातली आठशे मतं.

"बापू, पूर आला की सगळ्यात आधी तुमचं गाव हलवत्यात," चेअरमनसाहेब म्हणाले.

"म्हणून तर!" बापू म्हणाले. "आमच्या गावाला सवय हाय. माणसं, म्हशी, सर्व्हर, सगळं एका ट्रॅक्टरात बसतंय."

सुरक्षित जागा चिखलीतच झाली. दर पावसाळ्यात आता त्या सुरक्षित जागेसाठी एक सुरक्षित जागा शोधावी लागते.

या सगळ्या भानगडीत एका तरुण संचालकानं वारणेचं उदाहरण दिलं, आणि ते खरोखरच घेण्यासारखं होतं. १९९८ साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. निम्मा खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तरेक गावांसाठी संगणकाची केंद्रं निघाली, त्यांतून शेतीचा सल्ला, बाजारभाव, सगळं मिळणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टचे बंगळूरचे संशोधक येऊन बघतात तर शेतकरी मुख्यतः उसाची माहिती विचारायला येत होते. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला, आणि उसाचं वजन एसएमएसवर मिळायला लागलं. टनेज मोबाइलवरच समजतंय म्हटल्यावर आणखी काय हवं?

"बगा!" अण्णा म्हणाले. "एवढी वायर वढली आणि काम झालं चिठ्ठीवर. आपल्या सभासदाला तरी काय पायजे? पासबुक भरून द्या म्हंतोय त्यो." प्रश्नावलीच्या चाळीस पानांत पासबुकाचा उल्लेख नव्हता. मी शेवटच्या पानावर 'इतर' या रकान्यात तो लिहिला.

राहता राहिले अधिकार. कुणाला काय बघता येईल, कुणाला काय मंजूर करता येईल. चेअरमनसाहेबांच्या माणसाला कर्जमंजुरीचा अधिकार द्यायला विरोधी गटाची हरकत. विरोधी गटाच्या माणसाला द्यायला साहेबांची हरकत. सीईओंना द्यावा तर दोघांचीही. एका निवृत्त हेडक्लार्कांचं लॉगिन काढायचं म्हटलं तर त्यांनी घरून निरोप धाडला की मी अजून जिवंत आहे. एक कर्मचारी वारले होते, त्यांच्या चिरंजीवांनी लॉगिनवर वारसनोंद करून मागितली आणि सोबत नामनिर्देशनाचा फॉर्म जोडला. हे सगळं तीन सभा चाललं. शेवटी असा एकच माणूस सापडला, ज्याच्या नावाला कुणाचीही हरकत नव्हती : मामा. ते दोन्ही गटांना सारखाच चहा देतात. 'तात्पुरती व्यवस्था म्हणून सर्व अधिकार शिपाई यांच्या लॉगिनवर ठेवण्यात यावेत,' असा ठराव बिनविरोध झाला. आपल्याकडं तात्पुरत्या गोष्टी किती टिकाऊ असतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

व्यवस्था सुरू झाली आणि मार्चअखेरीला ऑडिटर आले. पहिल्या दिवशी त्यांनी एक यादी माझ्यासमोर ठेवली. "हे डी. एस. स्टोअर्स कोण? प्रत्येक फोल्डरमध्ये यांची फाइल आहे. अकराही शाखांत. एवढं कर्ज एका दुकानाला?" मी सांगितलं की ॲपलचं यंत्र ज्या फोल्डरमध्ये डोकावतं तिथं या नावाची एक फाइल टाकून येतं, ॲपलवर ती दिसत नाही, विंडोजवर दिसते. ऑडिटरना ते पटलं नाही. अहवालात शेरा पडला : 'डी. एस. स्टोअर्स यांची कागदपत्रे आढळली नाहीत.' त्या अहवालाचा मसुदा जुन्या मराठी फॉन्टमध्ये होता, तो दुसऱ्या यंत्रावर उघडला तर नुसत्या खुणा आणि रेघा. पण तो वाचून व्हाइस चेअरमन म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा बरा आहे.

दुसऱ्या दिवशी ऑडिटरनी लॉगिनची नोंद काढली. चष्मा पुसला, परत पाहिली.

"हा एक वापरकर्ता सकाळी अकराला गडहिंग्लजला कर्ज मंजूर करतो, त्याच मिनिटाला जयसिंगपूरला ठेव मोडतो आणि इथं मुख्य कार्यालयात पगारपत्रक काढतो. कोण आहेत हे?"

"मामा," मी म्हणालो. "चहा आणायला गेलेत."

झालं होतं असं की आपला पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, आणि मामांचा सगळ्यांना पाठ होता. शिवाय मामांकडं एक निळी वही आहे. विसरायला नको म्हणून सगळ्यांनी आपापले पासवर्ड त्यांच्याकडं लिहून ठेवले होते, दोन्ही गटांनी. कंपनी ज्याला 'एकच लॉगिन, सगळीकडं प्रवेश' म्हणत होती आणि ज्याचे वेगळे पैसे लावणार होती, ते आमच्याकडं आधीच चालू होतं.

ऑडिटर गेल्यानंतर दोनच दिवसांनी मामांचा अर्ज आला, ई-मेलनं. सोबत लॉगिनच्या नोंदीची प्रत. एकाच दिवशी अकरा शाखांत काम केल्याबद्दल अकरा पगार मिळावेत. १०.४२ ला सीईओंच्या लॉगिनवरून शिफारस. १०.४३ ला चेअरमनसाहेबांच्या लॉगिनवरून मंजुरी. १०.४४ ला व्हाइस चेअरमनच्या लॉगिनवरून 'सहमत'. १०.४५ ला माझ्या लॉगिनवरून अंमलबजावणी. एखाद्या विषयावर दोन्ही गटांचं एकमत झाल्याची संस्थेच्या इतिहासातली ही पहिलीच नोंद.

चेअरमनसाहेब कडाडले, "मंजुरी आत्ताच्या आत्ता रद्द करा. माझ्या लॉगिननं."

"करतो साहेब. पासवर्ड?"

साहेबांनी व्हाइस चेअरमनकडं पाहिलं. व्हाइस चेअरमननी माझ्याकडं. मग तिघांनीही दाराकडं.

"मामा," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "ती वही घिऊन या बरं जरा."